विश्लेषण : अमेरिकेत आणीबाणी संपतच का नाही? अध्यक्षांच्या एका सहीपुढे संसद हतबल कशी झाली?

अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करायला अध्यक्षांची एक सही पुरते. ती अध्यक्षांच्या मनाविरुद्ध संपवायची, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. २०२५ मध्ये भारतीय मालावर लागलेले ५० टक्के आयातशुल्क याच उलट्या गणितातून आले होते. हे गणित असे का झाले आणि भारताने नेमके याच्या विरुद्ध काय केले, याचा आढावा.

अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात ११ मार्च २०२५ रोजी एक ठराव २१६ विरुद्ध २१४ मतांनी मंजूर झाला. सरकारी खर्चाचे विधेयक चर्चेला कसे घ्यायचे, एवढेच ठरवणारा हा तांत्रिक ठराव होता. असे ठराव तेथे नेहमीच होतात, त्यांच्या बातम्या होत नाहीत. पण या ठरावाच्या पोटात एक वाक्य दडले होते. राष्ट्रीय आणीबाणीच्या कायद्यापुरता, १ फेब्रुवारीला जाहीर झालेल्या आणीबाणीच्या बाबतीत, या अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजला जाणार नाही, असे ते वाक्य होते.

म्हणजे सूर्य उगवेल, मावळेल, कामकाज होईल, खासदारांचे वेतनही निघेल. पण कॅलेंडरचे पान उलटणार नाही. वाचताना हा विनोद वाटतो. प्रत्यक्षात जगातील सर्वांत जुन्या लोकशाहींपैकी एकीच्या संसदेने स्वतःच स्वतःचे हात बांधून घेतल्याची ही नोंद आहे.

दिवस मोजणे का थांबवले?

डोनाल्ड ट्रम्प यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी फेंटानिल या अमली पदार्थाची तस्करी आणि बेकायदा स्थलांतर ही कारणे देऊन कॅनडा, मेक्सिको आणि चीन यांच्या मालावर आयातशुल्क लावण्याचे आदेश काढले. त्यासाठी आधार घेतला तो आणीबाणीचा.

आणीबाणी रद्द करण्याचा ठराव एखाद्या खासदाराने मांडला, तर तो दडपून ठेवता येऊ नये, अशी सोय कायद्यात आहे. समितीने तो १५ दिवसांत सभागृहाकडे पाठवायचा आणि त्यानंतर तीन दिवसांत त्यावर मतदान घ्यायचे. सभापतींच्या मनात असो वा नसो, मतदान टळत नाही. आता प्रतिनिधिगृहात बहुमत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे. मतदान झाले असते, तर आपापल्या मतदारसंघात महागाईचे उत्तर द्यावे लागणाऱ्या रिपब्लिकन खासदारांना उघडपणे एक बाजू घ्यावी लागली असती. ते टाळण्यासाठी पक्षनेतृत्वाने घड्याळच बंद केले. दिवस मोजलेच नाहीत, तर १५ दिवस पूर्ण होणार कसे?

हीच युक्ती एप्रिलमध्ये पुन्हा वापरली गेली. २ एप्रिलला ट्रम्प यांनी जवळपास सगळ्या जगावर ‘प्रत्युत्तर’ शुल्क जाहीर केले होते. त्या आणीबाणीसाठीचे दिवसही गोठवण्यात आले. सप्टेंबरमध्ये ही मुदत जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. करांचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात संसदेला दिलेला आहे. आयातशुल्क हा त्या अधिकाराचा भाग. तो अधिकार वापरावा लागू नये म्हणून संसद कॅलेंडरशी खेळत होती.

आपल्या १९७५ सारखीच ही आणीबाणी?

नाही. मराठी वाचकाच्या मनात ‘आणीबाणी’ म्हटले की मध्यरात्रीच्या अटका, वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप आणि मिसाखालचा तुरुंगवास उभा राहतो. अमेरिकी आणीबाणीत मूलभूत हक्क आपोआप स्थगित होत नाहीत. तेथे आणीबाणी ही एका किल्लीसारखी आहे. वेगवेगळ्या कायद्यांमध्ये विखुरलेल्या शंभरहून अधिक तरतुदी एरवी कुलपात असतात. अध्यक्षांनी ‘राष्ट्रीय आणीबाणी’ असे लिहून सही केली की संबंधित कुलूप उघडते. कुठे लष्करी बांधकामाचा निधी वळवता येतो, कुठे परकीयांची मालमत्ता गोठवता येते.

रस्त्यावर त्यामुळे काहीच दिसत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. अमेरिकेत आज एकाच वेळी चाळीसहून अधिक राष्ट्रीय आणीबाण्या चालू आहेत. त्यांतील बहुतेक परदेशांवरच्या निर्बंधांसाठी आहेत. सर्वांत जुनी १४ नोव्हेंबर १९७९ ची. तेहरानमधील अमेरिकी दूतावासात कर्मचाऱ्यांना ओलीस ठेवले गेले, तेव्हा अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती जाहीर केली. ओलीस ४४४ दिवसांनी, जानेवारी १९८१ मध्ये सुटले. आणीबाणी मात्र सुटली नाही. दरवर्षी एक सूचना निघते, त्यावर अध्यक्ष सही करतात आणि ती आणखी वर्षभर पुढे जाते.

मग अमेरिकेने यावर कधी विचारच केला नाही?

केला होता, आणि चांगला केला होता. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेटच्या काळात अध्यक्षांच्या वाढत्या सत्तेने अमेरिकी संसद खडबडून जागी झाली. डेमोक्रॅटिक सेनेटर फ्रँक चर्च आणि रिपब्लिकन सेनेटर चार्ल्स मॅथायस या दोघांच्या संयुक्त अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने १९७३ मध्ये जे सांगितले, ते अनेक खासदारांनाही ठाऊक नव्हते. अमेरिका १९३३ पासून सलग आणीबाणीत होती!

चार आणीबाण्या तेव्हा चालू होत्या. १९३३ ची बँकबुडीची, १९५० ची कोरियन युद्धाची, १९७० ची टपाल कर्मचाऱ्यांच्या संपाची आणि १९७१ ची परकीय व्यापाराच्या संकटाची. संप मिटला, बँका सावरल्या, युद्ध थांबले. कागद तसेच राहिले. त्यांच्या आधारे सुमारे ४७० तरतुदी अध्यक्षांना उपलब्ध होत्या.

यावर तोडगा म्हणून १९७६ मध्ये राष्ट्रीय आणीबाणी कायदा आला. त्याची रचना साधी होती. आणीबाणी अध्यक्ष जाहीर करतील. ती चालू ठेवायची तर दरवर्षी तसे कळवतील. संसद दर सहा महिन्यांनी तिचा आढावा घेईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपेल, त्यासाठी अध्यक्षांच्या सहीची गरज नाही. पाठोपाठ १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आपत्कालीन आर्थिक अधिकार कायदा झाला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘आयईईपीए’. २०२५ च्या शुल्कयुद्धाचा मोठा डोलारा याच कायद्यावर उभा होता.

थोडक्यात, किल्ली अध्यक्षांच्या हाती दिली. पण ती परत मागण्याचा हक्क संसदेने स्वतःकडे ठेवला. व्यवहार बरोबरीचा होता.

एका विद्यार्थ्याच्या खटल्याने गणित कसे उलटले?

जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेले तरुण १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकायला आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला. त्यांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. मात्र परत पाठवल्यास त्यांच्यावर फार मोठा अन्याय होईल, असे मानून स्थलांतरविषयक न्यायाधीशांनी ती स्थगित केली.

त्या काळी अशा स्थगितीवर संसदेचे एकच सभागृह फुली मारू शकत असे. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावे निवडली. त्यांत चढ्ढा होते. चर्चा झाली नाही, मतांची नोंदही झाली नाही. एका ठरावात त्यांचे अमेरिकेतले भवितव्य संपले. चढ्ढा न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २३ जून १९८३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या निर्णयाने लोकांचे हक्क बदलतात, तो कायदा करण्याच्या रीतसर मार्गानेच व्हायला हवा. म्हणजे दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि त्यानंतर अध्यक्षांची सही. संसद परस्पर ठराव करून कार्यकारी निर्णय रद्द करू शकत नाही, असे न्यायालयाने बजावले.

चढ्ढा यांना न्याय मिळाला. पण त्याच तर्काने राष्ट्रीय आणीबाणी कायद्यातला लगामही तुटला. कारण तो लगाम म्हणजे अध्यक्षांच्या सहीविना होणारा ठरावच होता. निकालाशी असहमत असलेले न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी तेव्हाच इशारा दिला होता, की या निकालाने जवळपास २०० कायद्यांतील संसदेचे नियंत्रण एका फटक्यात जाते आहे. पुढे १९८५ मध्ये संसदेने आणीबाणी कायदा दुरुस्त केला. आता आणीबाणी संपवणारा ठराव अध्यक्षांकडे सहीसाठी जातो.

जे अध्यक्ष आणीबाणी लावतात, तेच ती उठवण्याच्या ठरावावर सही कशाला करतील? ते नकाराधिकार वापरणार. तो मोडून काढायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत. सगळे सदस्य हजर असतील, तर सेनेटमध्ये १०० पैकी ६७ आणि प्रतिनिधिगृहात ४३५ पैकी २९०. उलट बाजूने पाहिले, तर १०० पैकी ३४ सेनेटर पाठीशी असले की अध्यक्षांची कोणतीही आणीबाणी सुरक्षित.

संसद खरेच काही करू शकत नाही का?

याची परीक्षा २०१९ मध्ये झाली. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्यासाठी ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते. संसदेने १.३७५ अब्ज दिले. पैसा कशावर खर्च करायचा हा निर्णय संसदेचा, आणि तो तिने घेतला होता. पण ट्रम्प यांनी १५ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर केली आणि लष्करी बांधकामाचा निधी भिंतीकडे वळवला. हे करण्याची गरज नव्हती, पण काम लवकर व्हावे म्हणून केले, अशी कबुली त्यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर दिली. लवकर व्हावे म्हणून लावलेली ती आणीबाणी!

प्रतिनिधिगृहाने आणीबाणी रद्द करण्याचा ठराव २४५ विरुद्ध १८२ मतांनी मंजूर केला. सेनेटमध्ये ट्रम्प यांच्याच पक्षाचे १२ सदस्य विरोधात गेले आणि ठराव ५९ विरुद्ध ४१ ने संमत झाला. दोन्ही सभागृहांनी, त्यांतल्या एकात स्वपक्षाचे बहुमत असताना, अध्यक्षांना नको म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडण्यासाठीच्या मतदानात प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ मते पडली. स्पष्ट बहुमत, तरीही पराभव.

१९७६ च्या कायद्याची मूळ रचना टिकली असती, तर भिंतीसाठीची आणीबाणी महिन्याभरात संपली असती. या एका उदाहरणात सगळा प्रश्न सामावला आहे.

२०२५ मध्येही तेच घडले. सेनेटने एप्रिलमध्ये कॅनडाविषयीची आणीबाणी संपवण्याच्या बाजूने ५१ विरुद्ध ४८ मते दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस सलग तीन दिवस ब्राझील, कॅनडा आणि जागतिक शुल्क या तिन्ही बाबतींत सेनेटने अध्यक्षांच्या विरोधात कौल दिला. पण प्रतिनिधिगृहात तेव्हा दिवसच मोजले जात नसल्याने हे ठराव तेथे अडकून राहिले. आणि दिवस मोजले गेले, तरी पुढे नकाराधिकाराची भिंत असतेच.

भारतावरचे शुल्क या गणितात कुठे बसते?

‘आयईईपीए’ कायदा म्हणतो, की परदेशातून उद्भवलेला ‘असामान्य आणि अपवादात्मक’ धोका असेल, तर अध्यक्ष आयातीचे नियमन करू शकतात. या कायद्यात ‘शुल्क’ किंवा ‘कर’ हा शब्द कुठेही नाही. ट्रम्प यांच्या आधी कोणत्याही अध्यक्षांनी त्याचा वापर आयातशुल्क लावण्यासाठी केला नव्हता.

२ एप्रिलच्या आदेशात आणीबाणीचे कारण दिले गेले ते अमेरिकेच्या प्रचंड आणि सतत राहणाऱ्या व्यापारी तुटीचे. जवळपास अर्धशतक अमेरिका दरवर्षी मालाच्या व्यापारात तुटीत आहे. पन्नास वर्षे रोज दिसणारी गोष्ट एका सकाळी ‘असामान्य’ कशी ठरते, हा प्रश्न अमेरिकी न्यायालयांतही विचारला गेला.

भारतावर या आधाराने ७ ऑगस्टपासून २५ टक्के शुल्क लागू झाले. मग रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के, २७ ऑगस्टपासून. या दुसऱ्या २५ टक्क्यांचा कायदेशीर पाया अधिक बोलका आहे. ट्रम्प यांनी त्यासाठी नवी आणीबाणी जाहीर केली नाही. जो बायडेन यांच्या काळात रशियाविरुद्ध निर्बंधांसाठी जाहीर झालेली आणीबाणी त्यांनी वापरली. एका अध्यक्षाने रशियासाठी उघडलेले कुलूप दुसऱ्याने भारतासाठी वापरले. ब्राझीलचे उदाहरण त्याहून टोकाचे. त्या देशाशी अमेरिकेचा व्यापार तुटीचा नाही, शिलकीचा आहे. तरी तेथील माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर चाललेला खटला हे एक कारण देऊन ४० टक्के वाढीव शुल्क लावले गेले.

हे शुल्क कागदावर अमेरिकी आयातदार भरतो, भारतीय निर्यातदार नाही. पण आयातदार मग भाव पाडून मागतो, ऑर्डर लांबवतो किंवा दुसऱ्या देशाकडे वळवतो. औषधे आणि स्मार्टफोन यांना या शुल्कातून सूट होती. कपडे, कोळंबी, जडजवाहीर यांना नव्हती. अंधेरीच्या सीप्झमधील दागिने उद्योगाची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका आहे. तेथे कामाला असलेल्या कारागिराच्या कामाचे तास किती राहणार, हे वॉशिंग्टनमधल्या एका सहीवर ठरत होते. त्या सहीआधी अमेरिकेच्या एकाही लोकप्रतिनिधीला मत विचारले गेले नव्हते.

दोष एकट्या ट्रम्प यांचा आहे का?

ट्रम्प यांनी ही किल्ली इतर कुणाहीपेक्षा अधिक मोकळेपणाने फिरवली, यात शंका नाही. पण कुलूप त्यांनी बनवलेले नाही. दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी आणीबाण्या जाहीर केल्या आणि जुन्या चालू ठेवल्या. बायडेन यांनी करोनाच्या आणीबाणीचा आधार घेऊन सुमारे ४३० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जे माफ करायला घेतली होती. त्यासाठी २००३ चा, मुळात युद्धावर गेलेल्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा ताणला गेला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय रद्द केला. तेव्हा डेमोक्रॅट टाळ्या वाजवत होते आणि रिपब्लिकन घटनेची आठवण करून देत होते. आज जागा बदलल्या आहेत, वाक्ये तीच आहेत.

संसदही निर्दोष नाही. दर सहा महिन्यांनी आणीबाणीचा आढावा घेण्याचे कायदेशीर बंधन तिच्यावर आहे. अनेक दशके तो आढावा झालाच नाही. अधिकार गेला की जबाबदारीही जाते, आणि निवडणुकीला सामोरे जाणाऱ्या खासदाराला ते सोयीचे असते. शुल्काने महागाई वाढली तर दोष अध्यक्षांचा, कारखाना वाचला तर श्रेय आपले.

अध्यक्षांच्या समर्थकांचा मुद्दाही ऐकायला हवा. जग वेगाने बदलते. ५३५ जणांच्या संसदेला दर खेपेला विचारत बसले, तर वाटाघाटीत वजन राहत नाही, असे ते म्हणतात. संकटाच्या पहिल्या आठवड्यासाठी हा मुद्दा खरा आहे. पण सेहेचाळिसाव्या वर्षासाठी तो कसा लागू पडणार?

सर्वोच्च न्यायालय हे दुरुस्त करू शकते का?

शुल्कांविरुद्ध लहान आयातदार आणि काही राज्ये न्यायालयात गेली. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे रोजी आणि अपील न्यायालयाने २९ ऑगस्ट रोजी, सात विरुद्ध चार मतांनी, अध्यक्षांच्या विरोधात निकाल दिला. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. आयातदारांची बाजू मांडणारे वकील होते भारतीय वंशाचे नील कट्याल.

सुनावणीत सर्वांत नेमका प्रश्न विचारला तो ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी. संसदेने एकदा अधिकार दिला की नकाराधिकारामुळे तो तिला व्यवहारात परत मिळतच नाही. म्हणजे सत्ता एकाच दिशेने, अध्यक्षांकडे सरकत राहते, असे त्यांनी सरकारी वकिलांना सुनावले. उद्या एखादा अध्यक्ष हवामानबदलाची आणीबाणी जाहीर करून पेट्रोलच्या मोटारींवर ५० टक्के शुल्क लावू शकेल का, असेही त्यांनी विचारले. तसे होणे शक्य आहे, हे सरकारी वकिलांना मान्य करावे लागले. आज टाळ्या वाजवणाऱ्या रिपब्लिकनांना विचार करायला लावणारे हे उत्तर आहे.

न्यायालयाने अध्यक्षांना रोखल्याचे उदाहरण जुने आहे. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना हॅरी ट्रुमन यांनी संपाच्या भीतीने पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना ते परत करायला लावले. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी त्या निकालात मांडलेला विचार आजही उद्धृत होतो. आणीबाणीचे अधिकार हाताशी असले की आणीबाण्याच जन्माला येऊ लागतात, हा त्याचा आशय.

पण न्यायालयाच्या निकालाने फार तर एक कुलूप बंद होते. शुल्कासाठी ‘आयईईपीए’ वापरता येणार नाही, असे ठरले, तरी व्यापाराचे इतर कायदे आहेत. १९७४ च्या व्यापार कायद्यातील एक कलम अध्यक्षांना १५० दिवसांसाठी १५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावू देते. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली पोलाद, अॅल्युमिनियम आणि मोटारींवर लावलेले शुल्क तर या खटल्यात नव्हतेच. आणि आणीबाणी जाहीर करण्याचा व ती न संपण्याचा नियम जिथल्या तिथे राहतो.

भारताने उलटे काय केले?

योगायोग असा, की दोन्ही देश एकाच सुमारास हा धडा शिकत होते. अमेरिकेचा कायदा १९७६ चा. आपली ४४ वी घटनादुरुस्ती १९७८ ची. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळालाही त्याची कल्पना नव्हती. मंत्र्यांना ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. मोरारजी देसाई यांच्या जनता सरकारने पुढे अनुच्छेद ३५२ ची मोडतोड करून त्याला कुंपण घातले.

‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, अशी अट आली. घोषणेला एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. तीही एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी. मंजुरी सहाच महिन्यांची. पुढे हवी असेल, तर पुन्हा तेवढीच मते. आणि रद्द करायची असेल, तर? लोकसभेचे साधे बहुमत पुरते.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. भारतात आणीबाणी चालू ठेवायला दोन-तृतीयांश मते लागतात. अमेरिकेत ती थांबवायला दोन-तृतीयांश लागतात. भारतात संसद गप्प बसली, तर आणीबाणी संपते. अमेरिकेत संसद गप्प बसली, तर आणीबाणी चालू राहते. गप्प बसणे हे संसदांचे सर्वांत सोपे काम आहे. म्हणून त्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला मिळतो, हे ठरवणारा नियम कळीचा.

अर्थात यावरून भारतीयांनी पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. ४४ व्या दुरुस्तीनंतर अनुच्छेद ३५२ चा वापर झालेला नाही, त्यामुळे या कुंपणाची कसोटीही लागलेली नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या आपल्या खासदाराचे पदच जाऊ शकते. २०१९ मध्ये जे १२ रिपब्लिकन सेनेटर आपल्या अध्यक्षांविरुद्ध उभे राहिले, तसे उभे राहणे दिल्लीत कितीतरी महाग पडेल. तिकडे माणसांना मोकळीक आहे, नियम दुबळा आहे. इकडे नियम भक्कम आहे, माणसे बांधलेली आहेत.

यावर उपाय काय?

उपाय ठाऊक आहे आणि तो फार क्लिष्टही नाही. रिपब्लिकन सेनेटर माइक ली यांनी २०१९ मध्येच विधेयक मांडले होते. अध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी संसदेने मंजूर केली नाही, तर ३० दिवसांनी आपोआप संपेल, असे त्याचे सार. म्हणजे आपल्या अनुच्छेद ३५२ च्याच दिशेने जाणारी वाट. एप्रिल २०२५ मध्ये डेमोक्रॅट मारिया कँटवेल आणि रिपब्लिकन चक ग्रासली या सेनेटरांनी आयातशुल्कापुरते असेच विधेयक आणले. संसदेने ६० दिवसांत मान्यता दिली नाही, तर शुल्क रद्द. चढ्ढा निकालाची अडचण येथे येत नाही, कारण अध्यक्षांचा निर्णय संसद रद्द करत नाही. मुदत संपल्याने तो आपणहून संपतो.

यातले एकही विधेयक अजून कायदा झालेले नाही. कारण या विधेयकांनाही अध्यक्षांची सही लागते, आणि स्वतःची किल्ली परत देणाऱ्या कागदावर सही करणारा अध्यक्ष अद्याप भेटलेला नाही. आपला पक्ष सत्तेत असताना ही सुधारणा कुणाला तातडीची वाटत नाही. नसताना ती मंजूर करून घेण्याइतकी मते नसतात.

तोवर जुना क्रम चालू राहील. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी इराणविषयीच्या आणीबाणीला ४६ वर्षे पूर्ण झाली. कार्टर यांच्यापासून ट्रम्प यांच्यापर्यंत आठ अध्यक्ष झाले, दोन्ही पक्षांचे. ती चालू ठेवण्याच्या कागदावर त्यांतल्या प्रत्येकाने सही केली आहे.